भिंतीतलं बी

आमच्या घरात कचऱ्याचा डबा पहिल्यांदा आला तो २००६ साली, थोरल्या मुलाच्या लग्नात. सुनेच्या माहेरून भांडी आली, त्यात तो निळा, झाकणाचा, प्लास्टिकचा डबा होता. आय तेव्हा होती. तिनं झाकण उघडून आत बघितलं, हात फिरवला आणि विचारलं, "यात काय ठेवायचं?"

सून नवी. ती हळूच म्हणाली, "आजी, कचरा."

"कचरा कुठून आणायचा?" आय म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. पण तिनं थट्टा केली नव्हती, तिला खरंच प्रश्न पडला होता. अंगणातला केर तिला ठाऊक होता. तो उकिरड्यावर जायचा आणि पावसाच्या आधी शेतावर राबाला. पण चुलीपाशी बसून भाजी चिरताना जे उरतं त्याला कचरा म्हणतात, हे तिला नवीन होतं. त्या डब्यात तिनं वालाचं बियाणं भरलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. सुनेला भाजीचे देठ कुठं टाकायचे ते कळेना. बिचारी दोन दिवस पदरात धरून फिरली.

आमचं गाव तलासरी तालुक्यात, डहाणूच्या हद्दीला चिकटून. आता पालघर जिल्हा झाला, २०१४ पर्यंत आम्ही ठाण्याचे. इथं पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने थेंब नाही. आमची जमीन अडीच एकर, तीही तुकड्या-तुकड्यांत. भात दिवाळीच्या सुमाराला घरात यायचा आणि होळीपर्यंत पुरायचा. पुढं मजुरी. बा गवत कापायला जायचा, आय बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्यांत. आषाढ लागला की वाडीचं काम थांबायचं, शेतात आवणीचं काम तर जोरात आणि घरात दाणा नाही. मग सावकाराकडून खावटी आणायची आणि कापणीला दीडपट फेडायची. पावसाळ्यातली ती भूक आमच्या भागात प्रत्येक वर्षाची होती. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं मेली तेव्हा ती पेपरात आली, पण आम्हाला ती बातमी म्हणून नवी नव्हती.

आयचं सगळं साठवणं त्या दोन महिन्यांसाठी होतं. शहरात आता 'ओला कचरा, सुका कचरा' असं शिकवतात. तिचा हिशेब वेगळा होता. माणसानं खायचं ते आधी काढायचं, माणसाला नको ते ढोराला, ढोर खाईना ते कोंबडीला, आणि कोंबडीनंही पाय मारून सोडलं ते उकिरड्याला. माणसाचा वाटा काढताना ती फार चिकाटीनं काढायची. डांगराचं उदाहरण सांगतो. डांगर म्हणजे तुमचा लाल भोपळा. गर त्या दिवशी शिजायचा. साल जाड निघाली तर ती बोटाएवढ्या पट्ट्या करून मिठाच्या पाण्यात एक उकळी काढायची आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात कौलावर पसरायची. बिया राखेत चोळून वाळवायच्या, निम्म्या खायला आणि निम्म्या पेरायला. आतला तंतूंचा चोथा म्हशीला. देठ मात्र ती ठेवून द्यायची, वाळला की मडक्याला बूच म्हणून.

दुधीची साल, शेवग्याचा पाला, अंबाडीची पानं, मुळ्याचा पाला, असं काय काय. फणसाच्या आठळ्या ती मातीत चोळून टोपलीत ठेवायची, श्रावणापर्यंत टिकायच्या. मोहाचं फळ, आम्ही त्याला दोडा म्हणतो, त्याचा वरचा गर भाजीला आणि बी तेलाला. तेल काढून उरलेली पेंड शेतात टाकायची. कोळणीकडून सुका जवळा घेतला की पिशवीच्या तळाचा चुरासुद्धा वेगळा ठेवायचा. पावसात चूल धुमसत असताना वाळक्या सालीत तो चिमूटभर चुरा आणि अंबाडीची दोन पानं पडली की वास सगळ्या पाड्याला जायचा.

वाळवणाची तिची परीक्षा कानाची होती. पट्टी कानाजवळ धरून मोडायची. 'कट' असा आवाज आला तर पुडीत. वाकली, आवाज आला नाही, तर पुन्हा कौलावर, मग कितीही दिवस लागोत. पुडी पळसाच्या पानांची, चुलीच्या वरच्या माळ्यावर, धूर लागेल अशी. धुरानं किडा येत नाही. तरी भर पावसात एखादी पुडी उघडली आणि वर पांढरी बुरशी दिसली की ती क्षणभर थांबायची नाही, पुडीच्या पुडी उकिरड्यावर. घरात काहीच नसलं तरी. कोयीच्या बाबतीत तर फारच कडक. आंब्याची कोय फोडून आतला गर वाळवायचा, पुढं भिजवून, पाणी बदलून बदलून त्याचा तुरटपणा काढायचा आणि नागलीच्या पिठात मिसळायचा. हे अगदी शेवटचं अन्न. २००१ च्या पावसाळ्यात ओडिशातल्या काशीपूरकडे कोयीची पेज खाऊन आदिवासी माणसं मेल्याची बातमी मी तिला वाचून दाखवली. कोयीला बुरशी होती म्हणून मेली की मुळात उपासमारीनं, यावर तिकडं मोठा वाद झाला. आय ऐकून घेऊन म्हणाली, "वाळली नसंल. पण ओली कोय कोण खातं? ज्याला थांबता येत नाय तो." त्या वादात जे बोललं गेलं त्यातलं एवढं मला पटलं.

आता माझं सांगतो. मला या सगळ्याची लाज वाटायची.

मी वसतिगृहात राहून शिकलो. १९७६ च्या मे महिन्यात, माझी नववी झाली होती, आमचे एक गुरुजी पाड्यावर आले. आयनं पाट मांडला, भाकरी वाढली आणि डांगराच्या सालीची भाजी. मी जवळ बसून हळूच सांगितलं, "गुरुजी, सुकं मटण आहे." गुरुजींनी घास घेतला, बराच वेळ चावला. म्हणाले, "मटण नाही रे हे. पण छान आहे." दाराच्या आडून आय म्हणाली, "डांगराची साल हाय, गुरुजी. पोरगा मोठ्या घरचा झालाय." गुरुजी पोट धरून हसले आणि त्यांनी आणखी मागून घेतली. मी मात्र भाकरी तशीच टाकून नदीवर गेलो. संध्याकाळी परत आलो तर माझी अर्धी भाकरी टोपलीत झाकून ठेवलेली होती. आय काही बोलली नाही.

दहावी होऊन घरी आलो, शेती धरली. मला भाजीपाला करायची हौस. नव्वदच्या आसपास आमच्याकडे बियाण्याची पाकिटं सहज मिळू लागली. पाकिटातली काकडी चाळीस दिवसांत धरायची, सगळी एका मापाची, हिरवीगार, बाजारात हातोहात जायची. पैसा दिसला. त्याबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही, माझ्या दोन्ही मुलांची शिक्षणं त्या काकडीवर झाली. पण आयची काकडी निराळी होती. ती भातखाचराच्या बांधावर, माळावर चढायची, पाऊसभर वाढायची आणि दिवाळीला पिवळी-तपकिरी, हातभर लांब, मांडीएवढी जाड व्हायची. वाघबारशीच्या सुमाराला ती किसायची, नव्या भाताच्या पिठात कालवायची, गूळ घालायचा आणि पानात गुंडाळून उकडायची. त्याला आम्ही सावेली म्हणतो. शहरातल्या दिवाळीला जशी करंजी तशी आमच्या दिवाळीला सावेली.

काकडी किसण्याआधी तिचं पोट काढावं लागतं. तो बुळबुळीत बियांचा गोळा म्हणजे खरं तर टाकाऊच. आय तो गोळा राखेत घोळायची, त्यात थोडं शेण मिसळायची आणि त्याची थापटी भिंतीवर मारायची. भिंत कारवीच्या कुडाची, वरून शेणमातीनं सारवलेली. थापटी वाळली की भिंतीचाच भाग होऊन जायची. उंदीर लागत नाही, मुंगी लागत नाही, ओल लागत नाही. चुलीमागच्या भिंतीवर काकडी, तिच्या बाजूला दुधी, दाराशी दोडका. कुठं काय हे तिलाच ठाऊक. आवणीच्या आधी ती खुरप्यानं थापटी उचकटायची, पाण्यात भिजवायची आणि बी काढायची. दर वर्षी थोडं भिंतीतच राहू द्यायची. पाऊस दगा देईल, पहिलं बी कुजेल, म्हणून.

१९९६ ला आम्हाला घरकुल मंजूर झालं. विटांचं घर. आय उधव्याला माझ्या बहिणीकडे बाळंतपणाला गेली होती. मनात आलं, ती यायच्या आत जुनं घर काढून जोतं भरून ठेवू, तिला एकदम नवं दाखवू. मी आणि धाकट्या भावानं दोन दिवसांत कुड पाडला. माळ्यावरच्या पुड्या, मडकी, बियांचे वाळके भोपळे, सगळं मी स्वतःच्या हातानं जपून गोठ्यात नेऊन ठेवलं. एक पुडी फाटू दिली नाही, त्याचं मला फार कौतुक वाटत होतं. कुडाची माती टोपल्या-टोपल्यांनी जोत्यात भरली, वर पाणी मारलं आणि चोपणीनं चोपून काढली.

पंधरा दिवसांनी आय आली. पुड्यांकडे बघितलंच नाही. जोत्यासमोर उभी राहून विचारलं, "भिंत कुठं टाकलीस?"

मला प्रश्न समजायलाच वेळ लागला. मग पाय गार पडले. मी जोत्याकडे बोट दाखवलं. ती वाकून मातीला हात लावून बसली. मातीचे जे चार-पाच ढेकळं बाहेर राहिले होते ते तिनं सुपात घेतले आणि दोन दिवस फोडत बसली. दुधीचं बी मिळालं, दोडक्याच्या सात-आठ बिया मिळाल्या. काकडी चुलीमागच्या भिंतीत होती आणि ती भिंत पहिल्यांदा पडली होती, म्हणजे सगळ्यात खाली. भावानं विचारलं, "जोतं उकरू का?" ती म्हणाली, "पाणी मारलंय. रुजून मेलं असंल आतापर्यंत."

मी तिला पाकिट आणून दिलं. तिनं घेतलं, पेरलं. त्या दिवाळीला पाकिटातल्या काकडीची सावेली केली. पाणी सुटलं, पानातून गळून गेली, चिकट लगदा झाला. तिनं तो म्हशीला घातला आणि आम्हाला करांदे उकडून दिले. मला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. २००९ ला ती गेली, तोवर तेरा दिवाळ्या आमच्याकडे सावेली झाली नाही.

नव्या घराच्या भिंतीवर शेण धरत नव्हतं, वर पुढं ऑइलपेंट दिला. पत्र्याच्या खाली चुलीचा धूर कोंडायचा म्हणून गॅस घेतला. धूर गेला, माळा गेला, पुड्याही गेल्या. सुनेचा निळा डबा आयच्या माघारी खाली उतरला आणि कचऱ्याचा झाला. त्यातलं ओलं-सुकं काळ्या पिशवीत बांधून रस्त्याकडेला टाकायची सवय पाड्याला लागली. ढोरं त्या पिशव्या चघळू लागली. माझी एक गाय पोट फुगून मेली. ती कशानं मेली हे मी बघितलं नाही, मला बघायचं नव्हतं.

मधल्या काळात आणखी एक गंमत झाली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चिकूच्या वाळवलेल्या चकत्या आता सुबक पाकिटांत मिळतात. वाडीत काम करणाऱ्या आमच्या बायका पडलेले, फुटलेले चिकू ओटीत बांधून आणायच्या आणि कौलावर वाळवायच्या, तेव्हा त्यांना कुणी विचारत नव्हतं. मी मुद्दाम एक पाकीट विकत घेतलं. चव तीच होती. चकत्या मात्र आयच्यापेक्षा पातळ.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे जमीन हलू लागली. धुंदलवाडीच्या बाजूला धक्के, रोज, कधी दिवसातून अनेक. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ चा बसला. घरकुलाच्या भिंतींना वरपासून खालपर्यंत चिरा गेल्या. ज्यांचे जुने कुडाचे होते ते नुसते हलले आणि पुन्हा उभे. थंडीचे दिवस, आणि सगळा पाडा अंगणात मांडव घालून झोपायचा. एका रात्री जमिनीतून गुरगुर आली तेव्हा भाऊ अंधारात म्हणाला, "आय खालून काकडी शोधतेय." त्या भीतीतही आम्ही सगळे हसलो. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मला झोप लागली नाही. सकाळी मी उधव्याची वाट धरली.

बहिणीला तिच्या लग्नात आयनं बियांची एक पुडी दिली होती, हे मला माहीत होतं. तेवीस वर्षं मी तिच्याकडे मागितली नव्हती, कारण मागायला गेलो तर का ते सांगावं लागलं असतं. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं, आयनं कधीच सांगितलं होतं. तिनं अकरा बिया मोजून माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "दादा, आता ही तीच राहिली नाय. शेजारी पाकिटाची लावतात, माशा इकडून तिकडं जातात." ते खरंच आहे. काकडीचं फूल परागाला स्वतःचं-परकं बघत नाही, जवळ दुसरी जात असली की पुढच्या बियांत भेसळ येते. म्हणून त्या वर्षी मी माझी पाकिटाची काकडी लावलीच नाही. बाजाराचे पैसे बुडाले. बायको चिडली, ते बरोबरच होतं.

अकरापैकी सात उगवल्या. चार वेलांना फळ धरलं. दोन हिरवीच राहिली, एक आखूड झालं, आणि एक पिवळं पडत पडत तपकिरी झालं. तेवढ्याचंच बी धरलं.

पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. मुलगा वापीच्या कारखान्यात, तो चालत घरी आला, अच्छाडच्या नाक्यावर एक रात्र अडकून. बाजार बंद, हातात पैसा नाही, खाणारी तोंडं नऊ. तेव्हा सून माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, आजी साली कशा वाळवायची?" मला सगळं येत होतं असं नाही. मी नुसतं बघितलेलं, हातानं केलेलं नाही. पहिलं वाळवण आम्ही जाड कापलं, उन्हाची घाई केली, ते वरून कोरडं आणि आतून ओलं राहिलं, आठ दिवसांत बुरशीनं गेलं. दुसऱ्या वेळी पट्टी कानाजवळ धरून मोडली. माझं ऐकणं आता कमी झालंय, म्हणून नातीला बोलावलं. ती म्हणाली, "आजोबा, वाजली."

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं सांगतो, कारण शहरातली माणसं मला विचारतात. बाजारच्या भाजीची साल मी ठेवत नाही. मी स्वतः भाजी पिकवून विकली आहे, तोडणीच्या चार दिवस आधी काय काय फवारतात ते मला ठाऊक आहे, मीही फवारलं आहे. तिची साल गांडुळांना. त्यांच्यासाठी मी गोठ्यामागं एक हौद बांधलाय. ठेवायची ती आपल्या कुंपणातली, किंवा ज्याच्या शेतात आपण गेलो आहोत त्याची. आणि दुधीची असेल तर आधी एक फोड जिभेला लावायची. कडू लागली तर सालच काय, दुधीही टाकायचा. आय सगळं ठेवणारी, पण कडू दुधी तिनं ढोरालासुद्धा कधी घातला नाही.

गेल्या वाघबारशीला आमच्याकडे सावेली झाली. थोडं पाणी सुटलं, पण पानात धरून राहिली. बहीण आली होती, तिनं खाल्ली. आयच्यासारखी आहे का, ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. दोन घेतल्या आणि दोन फडक्यात बांधून नेल्या.

बियांचा गोळा सुनेनं राखेत आणि शेणात कालवला. भिंतीवर थापटी मारली, ती ऑइलपेंटवरून घसरून खाली आली. पुन्हा मारली, पुन्हा घसरली. मग तिनं खिळ्यावरचं जुनं कालनिर्णय उतरवलं, उलटं केलं आणि मागच्या पानावर तीन थापट्या मारल्या. खाली नातीनं पेनानं लिहिलं, 'पणजीची काकडी, पुसू नये.' ते आता चुलीमागच्या, म्हणजे गॅसमागच्या भिंतीवर टांगलंय. वाळल्यावर कागद थोडा गोळा झालाय. खालची एक थापटी उंदरानं कुरतडली, म्हणून काल मी खिळा वीतभर वर ठोकला.